तीनशे अठराचा पत्ता

बाबांचा फोन आला तेव्हा कंपनीची बस संगमवाडीच्या पुलावर अडकली होती. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. या वेळी बाबा कुणालाही फोन करत नाहीत. ही त्यांची पेपर वाचायची वेळ असते, आणि घराला आग लागली तरी ते आधी अग्रलेख संपवतील. म्हणून मी घाबरूनच फोन उचलला.

"झालं बरं का," बाबा म्हणाले. "एकवीसच्या एकवीस."

"काय झालं?"

"पत्ते. आपल्या वेबसाइटवर एकवीस पत्ते अपुरे होते. तीन दिवस बसून सगळे पूर्ण केले. मोबाईलवरून! कुणाला न विचारता."

त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून मला आधी हसू आलं. मग त्यातला एक पत्ता आठवला.

आधी बाबांविषयी सांगायला हवं. भीमराव ओव्हाळ, माझे बाबा, टपाल खात्यात चौतीस वर्षं पोस्टमन होते, त्यातली पंचवीस येरवड्यात. पाकिटावर नुसतं 'काळे, येरवडा, पुणे' लिहिलेलं असलं तरी ते त्यांनी पोचवलंय, आणि बरोबर त्याच काळ्यांकडे. अपुरा पत्ता ही त्यांच्या लेखी चूक नसते, गुन्हा असतो. लग्नपत्रिकेवर पिन कोड नसेल तर ते त्या लग्नाला जातात, जेवतात, आणि नवऱ्या मुलाच्या वडलांना बाजूला घेऊन तसं सांगून येतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींसाठी परिचय मंडळ काढलं. मंडळाचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेलच. दर पौर्णिमेला विहारात बैठक, एक जाडजूड रजिस्टर, आणि एकच नियम: बाबांनी स्वतः घरी जाऊन खातरजमा केल्याशिवाय स्थळाची नोंद होणार नाही. अकरा वर्षांत शंभरावर लग्नं जमली. संचालकांची स्वतःची मुलगी छत्तिसाव्या वर्षी बिनलग्नाची आहे, हे लोक बैठकीत हळू आवाजात बोलतात. आम्हाला ऐकू येतं.

साइट मी केली. १९९८ साली पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. बुधवार पेठेत एका रेडिओच्या दुकानाच्या वर मी सहा महिने शिकले. त्याच जोरावर पुढे हिंजवडीत नोकरी लागली, परदेशातल्या लोकांचे विम्याचे फॉर्म तपासायची, आणि त्याच जोरावर मंडळाची साइट उभी राहिली. साइट अगदी साधी. प्रत्येक स्थळाचं एक पान, पानाला नंबर. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून बाहेरच्या सर्व्हरला हात लावला तर साहेबाची मेल येते, आणि घरी पोचेपर्यंत डोळे मिटायला लागतात. म्हणून मी फाइली चढवायचं-उतरवायचं एक ॲप फोनवर घेतलं आणि बसमध्ये बसून साइट चालवायला लागले. बोनस मिळाल्यावर मी नवा फोन घेतला आणि जुना बाबांना दिला, ॲपसकट. एकदा लग्न जमलं की त्यांचं त्यांनी पान काढावं, मला संध्याकाळी चारदा आठवण करू नये, एवढाच माझा हेतू.

वाटलं होतं, महिनाभर शिकवावं लागेल. बाबांना ते एका दुपारी आलं. स्क्रीनचे दोन भाग होते: डावीकडे फोनमधल्या फाइली, उजवीकडे सर्व्हरवरच्या. ते म्हणाले, "म्हणजे डावीकडे आपली पिशवी आणि उजवीकडे त्यांचं दार. कळलं." पान उतरवून घ्यायचं, हवी ती ओळ बदलायची, परत चढवायचं, हे सगळं त्यांनी डायरीत आकडे घालून लिहून घेतलं. मला त्यांचा अभिमान वाटला होता आणि स्वतःचं काम गेलं म्हणून जास्त बरं वाटलं होतं.

त्या एकवीस पानांवर 'पत्ता' या शब्दापुढे मी नुसती आडवी रेघ ठेवली होती. त्यातल्या वीस रेघा माझ्या आळसाच्या होत्या. टाइप करायचं राहून गेलं होतं. एकविसावी तशी नव्हती. पण दिसायला सगळ्या रेघा सारख्याच. बाबांनी एकदा विचारलंही होतं, "या एकवीस जणांना घरंदारं नाहीत का?" मी म्हणाले, "नंतर बघू." तेव्हाच खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

"बाबा," मी फोनवर म्हणाले, "तीनशे अठरा नंबरचं पान. त्याचाही पत्ता टाकलात?"

"टाकला ना. कर्वेनगर. मी स्वतः जाऊन आलोय त्या खोलीवर. आणि ऐक, लगेच गुण आला. आत्ता साडेसातला त्याच स्थळाची चौकशी. पत्ता बरोबर आहे का विचारत होते. म्हटलं, शंभर टक्के."

तीनशे अठरा म्हणजे हेमा. वय सत्तावीस, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन. तिचा पहिला नवरा, अनिरुद्ध, त्यानं दाराच्या फटीत धरून तिचं मनगट मोडलं होतं. कोर्टातून घटस्फोट झाला, पण त्याच्या मते झाला नाही. दोन वर्षांत तो तिला दोनदा शोधून आला आणि तिनं दोनदा खोली बदलली. हे सगळं तिनं फक्त मला सांगितलं होतं, आमच्या स्वयंपाकघरात, भिंतीकडे बघत. "ताई, फोटो नको, पत्ता नको. नुसतं पुणे लिहा. आणि काकांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल," ती म्हणाली होती. मी मान हलवली आणि एक रेघ मारून मोकळी झाले.

"कोण होते ते?" मी विचारलं.

"मुलाकडचे. नाव सांगितलं नाही."

"आणखी काय विचारलं त्यांनी?"

"एकटीच राहते का, विचारलं. ड्यूटीवरून कधी येते, विचारलं. दुपारी बघून जातो म्हणाले."

"शिक्षण विचारलं?"

"शिक्षण? नाही."

"नोकरी? पगार? बाबा, काहीतरी विचारलं असेल ना?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "अकरा वर्षं चौकशीचे फोन घेतोय. शिक्षण न विचारणारा पहिलाच."

मग मी बसमध्ये, शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीसमोर, सगळं सांगून टाकलं. अनिरुद्धचं नाव, मनगट, दाराची फट, दोन बदललेल्या खोल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत. जे दोन मिनिटांत सांगता येतं ते मी सात महिने सांगितलं नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता ते पान काढा," मी म्हणाले. पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला होता.

परत लावला तर लाइन बिझी. पाच मिनिटांनी लावला तरी बिझी. फोनवरच साइट उघडली. पान हळूहळू खाली उतरलं आणि मला बाबांचं काम दिसलं. 'द्वारा श्रीमती यमुनाबाई, दुसरा मजला, खोली ३, कर्वेनगर, पुणे ४११०५२.' खाली आणखी एक ओळ: 'खूण: दत्तमंदिरासमोरची गल्ली, निळं फाटक, जिन्याखाली बंद पडलेली स्कूटर.' पोस्टमनला पुरून उरेल असा पत्ता होता. आंधळासुद्धा पोचला असता.

हेमाला फोन केला. तो वाजत राहिला. ती सकाळी सातला ड्यूटीवर जाते आणि फोन लॉकरमध्ये ठेवते, एक वाजेपर्यंत. दोनच्या सुमारास खोलीवर. लॅबचं नाव मला माहीत नव्हतं, माहीत होतं ते बाबांच्या रजिस्टरला. मी मेसेज टाकला: 'घरी जाऊ नकोस. आधी मला फोन कर.' मग आणखी एक, तोच.

आता पान मीच काढायचं होतं. ॲप उघडलं. बोट घामानं ओलं, स्क्रीन ऐकेना. चक्र फिरत राहिलं आणि उत्तर आलं: पासवर्ड चुकीचा. पुन्हा सावकाश, एकेक अक्षर बघून टाकला. पुन्हा चुकीचा. तेव्हा आठवलं. मीच बाबांना कागदावर नियम लिहून दिले होते, त्यातला चौथा: दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा. हा नियम जगात कुणीही पाळत नाही, मीसुद्धा नाही. बाबांनी पाळला होता.

तीनदा चुकलं की आमचा सर्व्हर अर्धा तास दार लावून बसतो. माझ्या दोन संधी गेल्या होत्या.

घरच्या लँडलाइनवर आई आली. चंद्रभागा ओव्हाळ, सातवी पास, फोन नेहमी दोन्ही हातांनी धरणारी.

"बाबा कुठेत?"

"बाहेर ओट्यावर. मोबाईलवर कुणाशी तरी बोलतायत. मला हातानंच गप्प बस म्हणाले."

"आई, त्यांची डायरी घे. पासवर्ड लिहिलाय का कुठे?"

पानं उलटल्याचा आवाज. बस विद्यापीठाच्या चौकात येऊन उभी राहिली. पुढे गाड्याच गाड्या. फोनच्या वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या जागी नुसतं 'ई' दिसायला लागलं आणि बॅटरीचा आकडा बावीसवर होता. शेजारची मुलगी आता कानातलं काढून उघडउघड ऐकत होती. तिला काय सांगणार?

"आहे," आई म्हणाली. "बी. मोठा. मग ई. मग ए..."

आई इंग्रजी अक्षरं ओळखते, पण प्रत्येक अक्षराला मान देऊन वाचते. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडले तर ती गोंधळणार हे माहीत होतं. बीट, चौदा, येरवडा, सगळं सलग. बाबांच्या शेवटच्या फेरीचा नंबर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी माणूस अजून त्याच बीटवर फिरत होता. मी तो टाकला, दोनदा वाचला आणि बटण दाबलं.

चक्र फिरत राहिलं. बस दोन हात पुढे सरकली आणि थांबली. माझं सगळं आयुष्य त्या चक्रात अडकलंय असं वाटलं, आणि खरं म्हणजे माझं काहीच अडकलं नव्हतं. अडकली होती ती हेमा, जिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं आणि जी या क्षणी कुणाच्या तरी दंडाला रबर बांधून म्हणत असेल, मूठ आवळा.

दार उघडलं. उजव्या बाजूला फाइलींची रांग आली. तीनशे अठरावर बोट दाबून धरलं, 'डिलीट' हा शब्द आला, आणि तेवढ्यात शेजारी लिहिलेली वेळ दिसली. फाइल शेवटची बदलली: आज, आठ वाजून सत्तेचाळीस. माझ्या घड्याळात आठ एकावन्न झाले होते.

म्हणजे चार मिनिटांपूर्वी बाबांनी ती बदलली होती. काढली नव्हती, बदलली होती. मी पान उघडलं.

'पत्ता बदलला आहे. द्वारा श्री. भीमराव ओव्हाळ,' आणि पुढे आमचं घर. आमची गल्ली, आमचा नंबर, पुणे ४११००६. 'खूण: हिरवा ओटा, बाहेर लाल टपालपेटी.' ती पेटी बाबांनी स्वतः पत्र्याची करून लावलीय, पत्रं यावीत म्हणून; येतात ती बहुतेक बिलंच.

या वेळी बाबांनी फोन उचलला. "जय भीम, परिचय मंडळ."

"बाबा, हे काय केलंत?"

"रिडायरेक्ट. माणूस घर बदलून गेला की जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्या पत्त्यावर पाठवतात. त्याचा नंबर होताच फोनमध्ये. त्याला म्हटलं, अहो, तुमची फेरी फुकट जाईल, मुलगी रविवारपासून आमच्याकडेच राहायला आलीय, साइटवर नवा पत्ता टाकलाय, बघून घ्या. त्यानं माझ्याशी बोलता बोलताच बघितला."

"नुसतं काढून टाकायचं होतं!"

"काढून काय झालं असतं? त्यानं सकाळीच वाचला होता. वाचलेलं पुसता येतं का? तो दुपारी तिच्या जिन्यात उभा राहिला असता. आता इथे येईल. दहा वाजता."

"पोलिसांना कळवा."

"चौकीत फोन केला. म्हणाले, काही घडलं की सांगा." बाबांनी ही ओळ जशीच्या तशी, कोरडी, मला पोचवली.

"आईला मावशीकडे पाठवा मग."

मागून आईचा आवाज आला. "मी कुठं जाऊ? कुकर लावलाय."

बस अजून चौकातच होती. मी उठले, ड्रायव्हरला दार उघडायला सांगितलं. तो म्हणाला, स्टॉप नाही. मी काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही, पण दार उघडलं. तीन रिक्षावाले येरवडा म्हटल्यावर मान फिरवून गेले. चौथा म्हणाला, उलटं पडतं. मी आत बसूनच म्हणाले, "पडू दे."

सगळ्या वाटेत मी भीत होते. बाबा एकाहत्तर वर्षांचे. त्यांचा उजवा गुडघा जिन्यावर आवाज करतो. ज्यानं बाईचं मनगट दारात मोडलं तो म्हाताऱ्याचं काय करील? आणि या भीतीच्या खाली एक दुसरी, जास्त वाईट गोष्ट होती: मला वाटून गेलं की बाबांनी हे करायला नको होतं, तो कर्वेनगरलाच गेला असता तर बरं, आपलं घर तरी वाचलं असतं. असं मला वाटलं. रिक्षात, बंडगार्डनच्या पुलावर. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

पोचले तेव्हा दहाला पाच होते आणि तो आलेला होता.

मला वाटलं होतं दांडगा, लाल डोळ्यांचा कुणीतरी असेल. तसा नव्हता. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी, कार्ड खिशात खोचलेलं. आमच्या बसमध्ये असे चाळीस बसतात. ओट्यावरच्या खुर्चीत तो नीट बसला होता आणि समोर बाबांनी रजिस्टर उघडून मंडळाचा फॉर्म ठेवला होता.

"काका, फॉर्मचं नंतर बघू ना. आधी मुलगी बघतो," तो म्हणत होता.

"आपण मुलाकडचे आहात. फॉर्म भरल्याशिवाय मुलगी दाखवत नाही. मंडळाचा नियम आहे," बाबा म्हणाले. आवाज पेन्शनच्या खिडकीवरच्या माणसाचा. "बसा. ही आम्रपाली, माझी मुलगी. आम्रपाली, हे स्थळ घेऊन आलेत."

मी दारापाशी उभी राहिले. 

त्यानं घाईघाईत काहीतरी खरडलं आणि फॉर्म पुढे सरकवला. बाबांनी चष्मा लावला. नाव वाचलं. पत्ता वाचला आणि बोट तिथेच ठेवलं.

"विमाननगर, ४११०१२?"

"हो."

"४११०१२ म्हणजे दापोडी. विमाननगर चौदा. आणि या नावाची सोसायटी विमाननगरात नाही." बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "पत्ता खोटा आहे. नावही खोटं असणार. खरं लिहा, अनिरुद्ध."

त्या नावासरशी त्याचा चेहरा आवळला. तो उठला. हेल्मेट खुर्चीत ठेवलं आणि दोन्ही हात मोकळे केले.

"कुठे आहे ती?"

"इथे नाही. कधीच नव्हती," आतून आई म्हणाली. ती दारात येऊन उभी राहिली होती, पदराला हात पुसत.

"म्हातारे, तू गप्प." मग बाबांकडे वळून, "मला मूर्ख बनवतोस?" त्यानं टेबलावर ठेवलेला बाबांचा हात मनगटाशी धरला. मी ते मनगट बघितलं. चौतीस वर्षं त्यावर पिशवीचा पट्टा होता, अजून तिथे फिकट वळ आहे. बाबांनी हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. त्यांचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

मी फोन काढला आणि फोटो घेतला. एक त्याच्या चेहऱ्याचा, एक त्या हाताचा. मग ॲप उघडलं. डावीकडे फोटो, उजवीकडे सर्व्हर. बॅटरी नऊ.

"हात सोडा," मी म्हणाले. आवाज फाटला होता. "फोटो काढलेत. मंडळाच्या साइटवर चढवलेत. हा फोन फोडलात तरी ते तिथेच राहतील. उद्या तुमच्या कंपनीत कुणीही बघेल."

तो माझ्याकडे वळला. मी स्क्रीन क्षणभर त्याच्याकडे करून धरली, अर्धवट. त्याला ॲप दिसलं, फाइलींची रांग दिसली. खालची निळी पट्टी दिसली नसावी. ती चौदा टक्क्यांवर थांबली होती. काहीही चढलं नव्हतं.

समोरच्या घरातल्या दुर्गाबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. नळावरच्या दोन बायका वळल्या. त्यानं गळ्यातल्या पट्टीला हात लावला, ती शर्टाच्या आत सारली, आणि बाबांचं मनगट सोडलं.

"बघून घेईन," तो म्हणाला.

"हेल्मेट राहिलं," बाबा म्हणाले.

तो ते घेऊन गेला. बाबांनी गाडीचा नंबर फॉर्मच्या मागे लिहिला. लिहिताना आकडा आडवातिडवा आला. मग त्यांनी फॉर्म रजिस्टरमध्ये ठेवला, उठायला गेले, आणि उठता आलं नाही म्हणून पुन्हा बसले. आईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. तीस वर्षांत मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं. माझ्या हातातल्या फोनवर पट्टी शंभरवर गेली होती.

एक वाजता हेमाचा फोन आला. संध्याकाळी ती, मी आणि बाबा चौकीत गेलो, आणि आता काहीतरी घडलेलं असल्यामुळे लिहून घेतलं गेलं. फोटो, गाडीचा नंबर, बाबांचं सुजलेलं मनगट. तिथल्या पोलीस बाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, नोटीस दिली. त्याचं पुढे काय व्हायचं ते कोर्टात होईल.

पण कर्वेनगरचा पत्ता त्याच्या डोक्यात होता. तो कुठून काढणार? हेमानं त्याच आठवड्यात खोली सोडली. दोन वर्षांतली तिसरी. यमुनाबाईंनी तिला डबा बांधून दिला म्हणे. निघण्याआधी ती आमच्याकडे आली. चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"काका, तुम्ही मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "मुद्दाम केलं. नीट, विचार करून, तीन दिवस बसून केलं."  मी म्हणाले की चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं. तेही खरं होतं आणि त्याचाही कुणाला उपयोग नव्हता. ती चहा पिऊन गेली. नवा पत्ता तिनं दिला नाही. बाबांनी विचारला नाही.

त्या संध्याकाळी मी तीनशे अठराचं पान सर्व्हरवरून काढलं. मग साइटचं नावही बदललं. बाबांनी रजिस्टरमधली तिच्या पत्त्याची ओळ शाईनं इतकी गिरवली की कागद मागून फाटला. मग त्यांनी सगळ्या साइटवरचे पत्ते काढायला घेतले, चारशेहून जास्त पानं, रोज दहा-दहा. डावीकडे उतरवायचं, रेघ मारायची, उजवीकडे चढवायचं. मी मदत करते म्हटलं तर नको म्हणाले.

या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. परवा लाल पेटीत एक पाकीट आलं, बाबांच्या नावानं. अक्षर हेमाचं. आत एक ओळीचं पत्र होतं: मी बरी आहे, नोकरी लागली, काकूंना नमस्कार.

पाकीट हातात आलं की आधी उलटं करून पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा, ही बाबांची जन्माची सवय. पत्ता नसला की बडबड सुरू. मी वाट बघत होते. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत.

पण पुढच्या बाजूला, तिकिटावर, टपाल कचेरीचा गोल शिक्का होता. पुसट होता. मला त्यातून काही वाचता आलं नसतं. बाबांना आलं असतं. अर्ध्या अक्षरावरून ते कचेरीचं नाव सांगतात, शिक्का मारणाऱ्याचा हात कसा आहे तेही सांगतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिकिटाचा कोपरा अंगठ्याखाली झाकला आणि तसाच, न बघता, फाडून काढला.

"चंद्रभागा," तो तुकडा मुठीत धरून त्यांनी आत हाक मारली, "गॅस चालू आहे का?"